पानावरची लव आणि शारजाचं ऊन

शारजात काही वर्षं काढली की उन्हाविषयी प्रत्येकाचं काही ना काही मत बनतंच. माझं मत गॅलरीतल्या कुंड्यांनी बनवलं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले तेव्हा पानावरची लव हा परीक्षेपुरता विषय होता: एकपेशी, बहुपेशी, ग्रंथी असलेली, ग्रंथी नसलेली, आकृती काढा आणि भागांना नावं द्या. इथे आल्यावर सोनेबाजारातून दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग घेतलं आणि संध्याकाळी गॅलरीत पानं निरखत बसायची सवय लागली. त्या सवयीतून जे उमगत गेलं ते इथे लिहिते आहे. क्रमांक दिले आहेत ते हाताला धरून चालायला बरे म्हणून. त्यांत लहानमोठं काही नाही.

१. तुळशीचा वास आपण गृहीत धरतो, पण तो तिला दर पानागणिक नव्याने घडवावा लागतो. माझ्याकडे एकाच मंजिरीच्या बियांपासून वाढलेल्या दोन तुळशी होत्या. एक काचेने बंद केलेल्या गॅलरीत, दुसरी मागच्या उघड्या कठड्याशी. पाणी तेच, माती तीच. काचेआडची उंच, मऊ, मोठ्या पानांची झाली, बाहेरची ठेंगणी आणि जाडसर पानांची. सासूबाई वाईहून आल्या होत्या. त्यांनी पूजेला दोन्हीकडची पानं खुडली आणि बाहेरचं पान नाकाशी धरून म्हणाल्या, “अगं, ही आपल्या वाड्यातल्या तुळशीहूनही उग्र आहे. काय घालतेस हिला?” मी म्हटलं, “काही नाही हो आई, ऊन आणि पाणी.” मग दोघींनी मिळून भिंगाखाली पानं पाहिली. तुळशीच्या पानावर दोन तऱ्हेची लव असते. एक नुसते केस, दुसरी ग्रंथींची. त्यातल्या मोठ्या ग्रंथी बुटक्या, पानात रुतून बसल्यासारख्या असतात. माथ्यावर स्रवणाऱ्या चार पेशी आणि त्यांच्यावर ताणलेलं पातळ आवरण. पेशी तेल बनवतात, ते आवरणाखाली साठतं आणि आवरण फुगतं. आपण पान चुरडतो तेव्हा ते फुटतं आणि वास सुटतो. बाहेरच्या तुळशीवर हे ठिपके टचटचीत, चमकदार दिसत होते. काचेआडच्या पानावर ते शोधावे लागले.

याचा उलगडा मला तुळशीच्या बहिणीवर, म्हणजे सब्ज्यावर, झालेल्या संशोधनात सापडला. २००२ साली ‘ॲनल्स ऑफ बॉटनी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखवलं की सब्ज्याच्या तेलग्रंथी नीट भरायला अतिनील किरणांचा ‘बी’ पट्टा लागतो. तो मिळाला नाही तर ग्रंथी तयार होतात, पण त्यांच्या पिशव्या बऱ्याच अंशी रिकाम्या राहतात. खिडकीची साधी काच हा पट्टा जवळजवळ पूर्ण अडवते. ‘ए’ पट्ट्याचा बराचसा भाग आत येऊ देते, आणि दिसणारा उजेड तर भरपूरच येतो. म्हणून काचेआडची तुळस हिरवीगार असते, बघणाऱ्याला तिच्यात काही उणं दिसत नाही. उणं नाकाला कळतं.

२. पानाला अतिनील प्रकाश कळतो, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. जर्मनीतल्या योहान रिटर यांनी १८०१ साली तो ओळखला तोही चांदीच्या क्षारावर पडलेल्या काळपट छटेवरून. वनस्पतींकडे मात्र त्यासाठी खास प्रथिन आहे, त्याचं नाव यूव्हीआर-८. त्याचे दोन रेणू एकमेकांना धरून असतात. ‘बी’ पट्ट्याचा प्रकाश पडला की ते सुटे होतात, पेशीच्या केंद्रकात कामाला लागतात आणि संरक्षक रसायनं बनवणारी जनुकं जागी होतात. हे प्रथिन खरोखर अतिनील प्रकाश टिपणारं आहे हे पक्कं झालं ते २०११ साली. म्हणजे रिटर यांच्यानंतर दोनशे वर्षं उलटल्यावर. पानाला हे ठाऊक होऊन मात्र कोट्यवधी वर्षं झाली असणार.

३. ‘इथलं ऊन कडक आहे’ या वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत: उष्णता, डोळे दिपवणारा उजेड आणि अतिनील किरण. त्या नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. दुबई-शारजा साधारण २५ अक्षांशावर आहेत. २१ जूनला भर दुपारी इथे सूर्य क्षितिजापासून सुमारे ८८ अंशांवर असतो, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. दक्षिणेतलं लिवाचं मरूद्यान तर कर्कवृत्ताच्या किंचित खालीच येतं. सूर्य इतका वर असला की किरणांना ओझोनच्या थरातून कमीत कमी अंतर कापावं लागतं, आणि या अक्षांशांवर तो थर मुळात उत्तरेकडच्या देशांपेक्षा पातळ. उन्हाळ्यात इथला अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे जातो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ती शेवटची, सर्वात तीव्र पायरी आहे. शिवाय कोरडी वाळू आपल्यावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के परत उडवते, त्यामुळे पानाला खालूनही वाटा मिळतो. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४१-४२ अंशांवरच थांबतो. तेव्हा ऊन आपल्याला हवंहवंसं वाटतं आणि पानांनाही सोसतं.

४. लव पांढरी दिसते म्हणून ती नुसती उजेड परतवते असं समजून चालत नाही. हत्ता आणि फुजैराच्या ‘वादीं’मध्ये, म्हणजे दगडगोट्यांच्या कोरड्या नदीपात्रांत, एक झुडूप हमखास भेटतं. शास्त्रीय नाव एअर्वा जावानिका. खोडापासून पानापर्यंत सगळं पांढुरकं, लोकरीचं, आणि तुरे तर इतके कापसाळ की पूर्वी अरबस्तानात ते उशांत भरत. अशा पांढऱ्या लवेचं काम कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या एन्सेलिया नावाच्या झुडपावर १९७० च्या दशकात नीट तपासलं गेलं. कोरड्या दिवसांत त्याची नवी पानं अधिक लवदार येतात, उजेडाचा मोठा भाग परतवतात आणि त्यामुळे पान कमी तापतं. पण त्यासाठी झाडाला अन्न बनवण्याचा उजेडही गमवावा लागतो. सावली फुकट मिळत नाही, झाडालाही नाही.

अतिनील किरणांची गोष्ट वेगळी आहे. ऑलिव्हच्या पानाची खालची बाजू रुपेरी असते. इथे व्हिलांच्या दारात ऑलिव्ह मोठ्या हौसेने लावतात, जाता-येता एखादं पान उलटून बघा. त्या रुपेरी थरात ढालीच्या आकाराची लव एकमेकींवर चढून बसलेली असते. ग्रीसमधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की या लवेत फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं असतात आणि ती अतिनील किरण शोषून घेतात. लव काढून टाकलेल्या पानांवर ‘बी’ पट्ट्याचा मारा केला तेव्हा त्यांच्या प्रकाशसंश्लेषणाला इजा झाली, लव शाबूत असलेली पानं तगली. म्हणजे तीच लव दिसणारा उजेड विखुरते आणि न दिसणारा गिळते. पहिलं काम आपल्या डोळ्यांना दिसतं. दुसरं दिसत नाही, म्हणून त्याचं श्रेय तिला सहसा मिळत नाही.

५. पान ज्या उजेडात घडतं त्याच उजेडासाठी ते तयार असतं, आणि रोपांच्या बाबतीत इथे सर्वात जास्त कामी आलेली समज हीच. वर्सानच्या रोपबाजारातून आणलेला कढीपत्ता, मोगरा, जास्वंद ही सगळी जाळीखाली वाढलेली असतात. घरी आणून उघड्यावर ठेवली की आठवड्याभरात पानांवर फिकट चट्टे पडतात, कडा करपतात, आणि फोनवर ‘इथलं ऊन झाडांना मानवत नाही’ अशी चर्चा सुरू होते. पण लवेचा हिशेब पान कोवळं असतानाच ठरून जातो. कोंबात असताना पान सर्वात दाट लवेचं असतं. पुढे पान पसरतं, केसांची संख्या तेवढीच राहते, म्हणून ते विरळ दिसू लागतात. जुन्या पानाला उन्हात आणून नवी लव फुटत नाही. त्याच्या वरच्या पेशींत फ्लॅव्होनॉइड मात्र वाढू शकतात, आणि त्याला काही दिवस लागतात. तेवढे दिवस दिले तर जुनं पानही बऱ्यापैकी निभावतं. खरी जुळणी होते ती उन्हातच फुटलेल्या पानांची. ती लहान येतात, जाड येतात, पेरांमधलं अंतर कमी होतं, रंग गडद होतो. दुकानातलं रोप आणि सहा महिन्यांनंतरचं तेच रोप शेजारी ठेवलं तर सख्खी भावंडं वाटणार नाहीत.

करपण्याचं सगळं खापर अतिनील किरणांवर फोडणंही बरोबर नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत तापलेली मुळं, खारट पाणी, दुपारचा अतिरेकी उजेड, हे सगळे त्यात भागीदार असतात. पण पानाला स्वतःची तयारी करायला वेळ हवा, ही गोष्ट कारण कोणतंही असलं तरी बदलत नाही.

६. चिकटपणा हा पानाचा दोष नव्हे. आपल्याकडे पावसाळ्यात पडीक जागेवर उगवणारी पिवळी तिळवण हाताला चिकटते आणि तिचा वास बोटांवर राहतो. तिच्या कुळातली काही झुडपं इथल्या वाळवंटातही आहेत, तशीच चिकट, तशीच उग्र. त्यांच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या रसाला वाळू चिकटते आणि झाड मळकट दिसतं. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी अशा वाळू पांघरणाऱ्या झाडांवरची वाळू पुसून पाहिली. पुसलेल्या झाडांना किड्यांनी जास्त खाल्लं. दाताखाली खडा आला की आपण घास सोडतो, तसंच ते. तेव्हापासून चिकट लवेच्या झाडांची पानं मी फडक्याने पुसत नाही. गुळगुळीत पानांवरची धूळ जरूर धुवावी, ती उजेड अडवते. पण जिथे पानाने स्वतः काही पांघरलं आहे, तिथे आपण जरा थांबलेलं बरं.

७. प्रत्येक लव उन्हासाठी असते असं नाही, आणि प्रत्येक स्राव तर नाहीच. हे मला तिवराने शिकवलं. अबू धाबीच्या जुबैल बेटावर खारफुटीतून लाकडी वाट काढली आहे. तिथलं झाड म्हणजे ॲव्हिसेनिया मरीना, ठाण्याच्या खाडीकाठचं आपलं तिवर. ऐरोलीच्या पुलावरून जाताना दिसतं तेच. इथे त्याला ‘कुर्म’ म्हणतात. अमिरातीने २०३० पर्यंत दहा कोटी खारफुटीची रोपं लावण्याचं ठरवलं आहे, ती याच झाडाची. सकाळी त्याच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावलं तर स्पष्ट खारट लागतं. मुळांनी गाळूनही आत आलेलं मीठ पानातल्या ग्रंथी बाहेर टाकतात, पाणी उडून जातं आणि स्फटिक उरतात. हा स्राव मिठाच्या हिशेबाचा आहे, अतिनील किरणांशी त्याचा संबंध जोडायचं कारण नाही. पानाच्या खालच्या बाजूला मात्र करडी, दाट लव असते आणि तिच्या आडोशाला श्वासरंध्रं असतात. वारा थेट लागत नाही, पाणी जपून वापरलं जातं. बोरीचं पान उलटून पाहिलंत तर तीही अशीच पांढुरकी लव खाली ठेवते. कुठल्याही पानाच्या लवेकडे बोट दाखवून ‘ही अमुकसाठी’ असं एका दमात सांगणं कठीण आहे. पाणी, किडे, उजेड, अतिनील किरण या सगळ्यांचा ताळेबंद त्या एका थरात मांडलेला असतो. प्रयोगशाळेतसुद्धा अतिनील किरण वाढवले की काही जातींत लव वाढते, काहींत नाही.

८. घाफला लवेची फारशी गरज पडत नाही. अमिरातीचा हा राष्ट्रीय वृक्ष म्हणजे आपली शमी. तिची पानं बारीक पर्णिकांची, मुळं खूप खोल, आणि भर उन्हाळ्यातही ती हिरवी. खजूर तर लवेऐवजी मेणाचा थर आणि चिवट पात यांवर भागवतो. तगून राहायच्या वाटा अनेक आहेत.

९. शास्त्रज्ञांनाही लवेने चकवलेलं आहे, हे वाचून मला फार आनंद झाला. दुबईत १९९९ पासून खाऱ्या जमिनीतल्या शेतीवर काम करणारं आंतरराष्ट्रीय जैवक्षार शेती केंद्र आहे. तिथे किनोआ हे पीक अनेक वर्षं अभ्यासलं जातं, कारण ते खारट पाण्यावरही येतं. किनोआ चाकवताच्याच जातकुळीतला. मी हिवाळ्यात इथे चाकवत लावते, आणि त्याच्या कोवळ्या पानांवर पिठासारखी जी पांढरी भुकटी दिसते ती भिंगाखाली पाहिली की पाण्याने भरलेले चिमुकले गोल दिसतात. हेही लवेचंच रूप, टोकाची पेशी फुगून झालेलं. किनोआवरही तेच असतात. झाड जादा मीठ या फुग्यांत कोंडून ठेवतं, असं पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं. कोपनहेगनच्या संशोधकांनी हे फुगे नसलेली किनोआची झाडं तयार करून त्यांना खारट पाणी दिलं, आणि २०२२ साली जाहीर केलं की ती झाडं मीठ सोसण्यात मुळीच मागे पडली नाहीत. फुगे नसलेल्या झाडांना किड्यांचा उपद्रव मात्र जास्त झाला. इतक्या उघड दिसणाऱ्या, बोटाने पुसता येणाऱ्या गोष्टीबद्दलही पक्कं उत्तर मिळायला इतका काळ लागला. चाकवताची भाजी निवडताना ती भुकटी हाताला लागते तेव्हा मला त्या संशोधकांची आठवण येते.

१०. अतिनील किरण म्हणजे केवळ नासधूस, हे मत आता जुनं झालं. त्यामागे इतिहास आहे. १९८५ साली अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या छिद्राची बातमी आली, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, आणि पिकांचं काय होणार या काळजीने जगभर प्रयोग सुरू झाले. सुरुवातीच्या बऱ्याच प्रयोगांत दिवे लावून निसर्गात मिळतात त्याहून खूप जास्त किरण दिले गेले. साहजिकच नुकसान दिसलं. पुढे नेहमीच्या प्रमाणात किरण देऊन पाहिलं तेव्हा दिसलं की झाड त्यांना बहुतेक वेळा निरोपासारखं वापरतं: ठेंगणं राहा, पान जाड कर, तेल भर, रंगद्रव्य वाढव. करार पाळला गेला. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार ध्रुवीय प्रदेश सोडून उरलेल्या जगावरचा ओझोनचा थर २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर परतेल. माणसांनी वेळेवर केलेल्या चांगल्या कामांत मी या कराराचं नाव पहिलं घेते.

आता प्रश्न उलट्या बाजूने समोर येतो आहे. २०२२ मध्ये दुबईत बुस्तानिका हे बंदिस्त, मजल्यांचं भलंमोठं शेत सुरू झालं. पाण्याची बचत बघता अशी शेतं या देशात वाढत जाणार, आणि ते योग्यच आहे. दिव्यांखालच्या शेतीत साधारणपणे अतिनीलचा ‘बी’ पट्टा नसतो, हरितगृहांचं बरंचसं प्लॅस्टिकही तो अडवतं. सॅलडच्या पाल्याचं त्यावाचून फारसं अडत नाही. पण सब्जा, पुदिना, तुळस यांची किंमत त्यांच्या ग्रंथींत आहे. ती बंद छताखाली वाढवायची असतील तर त्यांना थोडा अतिनील प्रकाश मोजून द्यावा, असं मला मनापासून वाटतं. वासावाचून तुळस म्हणजे नुसता पाला.

११. इथल्या मराठी शेजाऱ्यापाजाऱ्यांना एक विनंती. येत्या ऑक्टोबरात रोप आणाल तेव्हा पहिला आठवडा त्याला उजळ सावलीत ठेवा. मग सकाळी नऊपर्यंतचं ऊन, मग दहापर्यंतचं, असं पुढे सरकवा. कोंबाकडे लक्ष ठेवा. उन्हात फुटलेली पानं धरली की झाड तुमच्या गॅलरीचं झालं असं समजा. आणि तोवर करपलेली जुनी पानं दिसायला वाईट दिसली तरी लगेच खुडू नका, कारण नवी पानं येईपर्यंत झाडाचं पोट त्यांच्यावरच चालतं.